नऊ खांब, दोन ठिपके आणि बाळाराममामा

"पोरगी गुनाची हाय गो वयनी, न्हाय कोन बोलतंय? पन घरान हाय का न्हाय, तेच कलत न्हाय. तुझा फ्रीज तरी मधीमधी घुरघुरतो!"

हे वाक्य माझ्याविषयी होतं, पण माझ्यासाठी नव्हतं. जनाआत्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांची थोरली बहीण, स्वयंपाकघरात माझ्या सासूबाईंच्या कानात हे सांगत होत्या आणि मी मागच्या दाराशी कपडे वाळत घालत होते. आत्यांचं कानात सांगणं म्हणजे काय, ते आमच्या अंजूर गावात कुणालाही विचारा. खाडीवर कुणी असेल तर त्यालाही कळलं असेल.

मला राग आला का? खरं सांगू? नाही आला. चार महिन्यांची नवी सून मी, आणि आत्यांचं निरीक्षण बिनचूक होतं. त्याच क्षणी आतून फ्रीज खरोखरच घुरघुरला.

पण कुठेतरी लागलं. त्या दिवशी मी मनाशी ठरवलं की या घराला आपण आहोत हे कळलंच पाहिजे. तोंडाने नाही जमत तर नाही, हाताने दाखवू. तिथेच सगळं बिघडलं बघा. चहा ओतून घ्या आणि ऐका, कारण हा घोळ मी सासरी आल्यानंतरचा पहिला आणि आजवरचा सगळ्यात मोठा आहे. 'मोठा' म्हणजे बारा फूट बाय आठ फूट. मापं माझ्याकडे आहेत.

आधी मी गप्प का, ते सांगायला हवं. माझं माहेर कामतघरचं. चाळीत वर आम्ही राहायचो आणि खाली बाबांचा छापखाना. छापखान्याच्या डावीकडे लूम, म्हणजे यंत्रमाग, उजवीकडे लूम, मागे लूम. आणि मध्ये बाबांचं पायाने चालवायचं मशीन, तेही धाडधाड करणारं. लाईट गेली की लूम थांबायचे आणि त्या शांततेने आम्ही दचकून जागे व्हायचो. अशा घरात बोलायचं म्हणजे ओरडायचं. मला ओरडता येत नसे, म्हणून मी बोलणंच कमी केलं. बघणं मात्र वाढवलं.

आणि बघायला काय होतं तिथे! बाबा कापडाच्या ताग्यांची लेबलं छापायचे. त्यासाठी त्यांच्याकडे लाकडी अक्षरांचा एक खण होता. इंग्रजी अक्षरं, तळहाताएवढी. त्यांचा उभा दांडा असा जाड, की वाटावं हा एकटाच घर पेलेल. आणि त्याच दांड्याला जोडणारी आडवी रेघ मात्र केसाएवढी. दांड्याच्या वर-खाली पातळ, सपाट पावलं. जणू जाडजूड माणूस कागदाच्या पट्टीवर उभा आहे. मी लहान असताना विचारलं होतं, "बाबा, हे असं का? अर्धं इतकं जाड आणि अर्धं इतकं बारीक?"

बाबा म्हणाले, "पैलवानाने नाकात नथ घातलीय असं समज. नुसता पैलवान बघून लोक घाबरतात, नुसती नथ कुणाला दिसत नाही. दोन्ही एकत्र आले की मान वळते."

सोनेरी शाईत ते अक्षर उठलं की मान वळायचीच! आत कापड साधं मांजरपाट असो, वरचं लेबल थेट लंडनहून आल्यासारखं. व्यापारी दुकानात यायचे, लेबल हातात घ्यायचे, डोळ्यांजवळ न्यायचे आणि "क्या बात है" म्हणत तसेच उभे राहायचे. शाई, रॉकेल आणि ताज्या कागदाचा तो वास आजही कुठे आला, की मी आपोआप पायऱ्या उतरल्यासारखी चालते.

पुढे लेबलं मोठ्या प्रेसमध्ये छापून यायला लागली, नंतर स्टिकर आले. बाबांचं मशीन भंगारात वजनावर गेलं. चार माणसांनी ते उचलून टेम्पोत चढवलं, तेव्हा बाबा खालच्या ओल्या डागाकडे बघत म्हणाले, "इथे तेल सांडलंय, जपून." बस, एवढंच. ती लाकडी अक्षरं तेवढी त्यांनी ठेवली. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, पलंगाखाली.

मी कमर्शियल आर्टला गेले ती त्या डब्यामुळेच. शेवटच्या वर्षी मी ठरवलं, बाबांच्या इंग्रजी अक्षरांना मराठी भावंडं काढायची. आता आपल्या अक्षरातही जाड-बारीक असतं, पण ते बोरूच्या तिरक्या कापातून आलेलं, मऊ, वळत जाणारं. मी काय केलं? सगळे उभे दांडे धष्टपुष्ट केले आणि सगळ्या आडव्या रेघा केसाएवढ्या. हो, डोक्यावरची शिरोरेघसुद्धा! सरांनी कागद बराच वेळ हातात धरला आणि म्हणाले, "धाडस आहे."

हे मी कौतुक समजले. किती वर्षं!

तर, मूळ गोष्ट. माझ्या नणंदेचं, प्रणालीचं लग्न ठरलं. आमच्याकडे लग्नाला एक वेळ उशीर झाला तर चालेल, पण हळद म्हणजे हळद. आणि हळदीचा बॅनर म्हणजे काय विचारता! नवरी एका कोपऱ्यात पासपोर्ट फोटोएवढी. उरलेल्या जागेत काळे चष्मे लावलेले सत्तावीस शुभेच्छुक. नाव लाल, त्याला पिवळी सावली, सावलीला निळी किनार, आणि किनारीला चमचम.

सासूबाईंना मात्र या वेळी त्या बॅनरवर एकच गोष्ट हवी होती. त्यांचा धाकटा भाऊ, टेमघरचे बाळाराममामा.

याला कारण मी. म्हणजे माझं लग्न. आमच्या पत्रिकेत मामांचं नाव होतं, नाही असं नाही, पण 'आपले नम्र'च्या गर्दीत अकरावं, आणि तेही मुंगीएवढ्या अक्षरात. मामा लग्नाला आले, एका खुर्चीवर बसले, विडा तेवढा घेतला आणि निघून गेले. त्यानंतर चार महिने बहिणीला फोन नाही. सासूबाई रोज संध्याकाळी फोन हातात घ्यायच्या आणि परत ठेवायच्या. मी बघत होते. आणि आमच्या घरात पहिली हळद मामाच्या हातची; मामाचा हात लागल्याशिवाय नवरीला दुसरं कुणी बोट लावत नाही.

"मीच जाऊन बोलावलाय त्याला," सासूबाई मला म्हणाल्या. "येतो बोललाय. पन बाय, बोर्डावर त्याचा नाव मोठा पायजे. सगल्यांच्या वर. आल्या आल्या त्याला दिसला पायजे. तू करशील?"

मी मान हलवली.

"हिला जमल?" आत्यांनी विचारलं. मला नव्हे, सासूबाईंना. मी तिथेच उभी होते.

झालं! त्या रात्री जेवणं आटपायच्या आधीच मी लॅपटॉप उघडला आणि माझी जुनी अक्षरं बाहेर काढली. पांढरीशुभ्र पार्श्वभूमी. फोटो एकही नाही. सगळ्यात वर, सगळ्यात मोठं, 'बाळाराममामा यांच्या आशीर्वादाने'. खाली प्रणालीचं नाव. आणि तळाशी मांडवाकडे नेणारा एक बाण, तोही अक्षरांना साजेसा, एका केसाच्या रेघेचा. काय नाजूक बाण होता तो! अजून आठवला की जीव गलबलतो.

सगळ्यांना मोबाईलवर दाखवला. नवरा, नितेश, म्हणाला, "एकदम सोनाराच्या पिशवीसारखं झालंय." प्रणाली म्हणाली, "वयनी, माझ्या परफ्युमच्या बाटलीवर अशीच अक्षरं हायत!" बरोबरच होतं दोघांचं. हे अक्षर जगात असतंच अशा ठिकाणी, सोन्यावर, अत्तरावर, जाड गुळगुळीत मासिकांवर. जिथे किंमत विचारायची नसते, तिथे. आत्यांनी फोन हातभर लांब धरला, नाकाजवळ आणला आणि म्हणाल्या, "साधा हाय. पन बरा हाय."

आत्यांचं 'बरा हाय'! मी दोन दिवस जमिनीवर नव्हते.

सगळ्यांनी ते हातात धरून बघितलं होतं, हे कुणाच्या लक्षात आलं? माझ्या नाही. एका माणसाच्या आलं. फ्लेक्स छापणाऱ्या रफिकभाईंच्या. त्यांनी स्क्रीनवर फाईल उघडली, खुर्ची मागे सरकवली, आणखी मागे सरकवली, मग उठून दुकानाच्या दारात जाऊन उभे राहिले.

"भाभी, एक बात बोलूं? बुरा मत मानना."

"बोला ना."

"ये पतली लाइन रोड पे मर जायेगी. थोडा मोटा कर दूं? और तीर तो… तीर किधर है?"

"आहे ना, तो काय."

"हां हां, मिला. बाजू में पीला शॅडो मारूं क्या? सब मारते हैं."

पिवळी सावली! माझ्या अक्षराला! मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी ठामपणे सांगितलं, "नको. काहीही बदलू नका. एक रेघसुद्धा नको."

बघा हं, चार महिने तोंडातून शब्द निघत नव्हता, आणि निघाला तो नेमका तिथे.

"ठीक है भाभी," रफिकभाई म्हणाले. "आपका डिझाईन, आपका मांडव. अपुन तो छापनेवाला."

आता जागा कशी होती ते नीट लक्षात घ्या. आमच्या घरापुढचा रस्ता गटारासाठी खणलेला, त्यामुळे मांडव घरी नव्हता. नितेश ज्या गोदामात सुपरवायझर आहे, तिथलं एक रिकामं आवार मिळालं होतं. तुम्ही कधी आमच्या गोदामांत आला आहात का? एक आवार बघितलं की सगळी बघितली. तेच पत्रे, तीच शटरं, तेच ट्रक. गावातली माणसं आमच्याबरोबर चालत आली, त्यांचा प्रश्न नव्हता. बाहेरून रस्त्याने दोनच पाहुणे यायचे होते: टेमघरहून मामा, अख्खा टेम्पो भरून माणसं घेऊन, आणि कामतघरहून रिक्षाने माझे बाबा. त्यांच्यासाठीच तो बोर्ड. गोदामांच्या फाट्यावर, जिथे रस्ता डावी-उजवीकडे फुटतो, तिथे दोन उंच बांबूंवर. आम्ही डावीकडे होतो.

उजवीकडे कोण होतं? उजवीकडेही हळद होती! लग्नसराईच ती.

दुपारी नितेशच्या मित्रांनी बोर्ड चढवला. मी बघायला जाऊ शकले नाही, दोन्ही हातांना मेंदी होती.

साडेचारला मामा यायचे. प्रणाली पिवळी साडी नेसून पाटावर बसली. पाच वाजले. सव्वापाच. सासूबाई फाटकापर्यंत जाऊन येत होत्या. मामांचा फोन लागत होता, उचलत कुणी नव्हतं.

"येल. टेम्पो भरून यायचं म्हंजे वेल लागतो," सासूबाई म्हणाल्या.

साडेपाच झाले. पाटावरची प्रणाली म्हणाली, "आई, माझे पाय झोपले."

"झोपू दे. मामा येल."

पावणेसहाला सासूबाईंनी फाटकाकडे जाणंही थांबवलं. मग आत्या बोलल्या. आत्या नाही बोलणार तर कोण बोलणार?

"रुसला गो तो. मी सांगते ना. येतो बोलला तो पन रागानंच बोलला असल. आता सगल्या गावासमोर नाक कापनार."

झालं, ठिणगी पडली! कुणी म्हणालं, बोलवायला सासऱ्यांनीही जायला हवं होतं. सासरे म्हणाले, मी जाणारच होतो, मला कुणी सांगितलं नाही. कुणी म्हणालं, नारळ दिला होता का? सासूबाई म्हणाल्या, दिला होता. आत्यांनी विचारलं, केवढा होता? अहो, नारळाच्या आकारावर पाच मिनिटं चर्चा! मग ठरलं की डीजेवाल्याच्या माइकवरून जाहीर माफी मागायची, आवाज फाट्यापर्यंत जातो, मामा जवळपास रुसून उभे असले तर ऐकतील. नितेशने माइक घेतला. "मामा, चुकलं असेल तर माफ करा, पण या." आणि उजवीकडच्या मांडवातून त्याच वेळी एवढा मोठा ढोल वाजला, की आमची माफी आमच्याच शटरवर आपटून परत आली.

सासूबाई एका बाजूला जाऊन खुर्चीवर बसल्या. हळदीची वाटी मांडीवर. रडत नव्हत्या, वाटीवर धूळ बसू नये म्हणून तिच्यावर हात धरून बसल्या होत्या. मला ते बघवेना. मी नितेशला खूण केली आणि आम्ही दोघं फाट्याकडे निघालो.

सूर्य पत्र्यांच्या मागे गेला होता आणि बोर्डावरचा हॅलोजन पेटला होता. रस्त्यावर पोचून मी मान वर केली.

आता काय सांगू! माझा बोर्ड मी पहिल्यांदाच लांबून बघत होते. पांढऱ्या फ्लेक्सवर हॅलोजन असा आपटत होता, की बारीक रेघा सगळ्या विरून गेल्या होत्या. शिरोरेघ गायब. वळणं गायब. बाण? तो कधी जन्मालाच आला नव्हता. उरले होते फक्त जाड उभे दांडे. 'बाळाराममामा' या माझ्या सर्वांत लाडक्या ओळीत मी मोजले: नऊ काळे खांब आणि त्यांच्या मध्येमध्ये ळ आणि र यांचे उरलेले दोन ठिपके.

पैलवान उभे होते. नथ सगळ्यांची पडली होती.

"हे काय आहे?" नितेशने विचारलं.

मी खांब पुन्हा मोजले. नऊच भरले.

आणि त्या बोर्डाच्या बरोबर खाली एक माणूस उभा होता. हातात लाडवांचा डबा, मान मागे टाकलेली, डोळे बारीक केलेले. माझे बाबा.

"बाबा! तुम्ही कधी आलात?"

"झाला अर्धा तास." त्यांनी मान खाली केली नाही. "रस्त्यावरून वाटलं, गोदामाचं काहीतरी असेल. मग रिक्षातून उतरून जवळ आलो, आणि हे दिसलं. बाळा, ही आपलीच अक्षरं ना? डब्यातली? त्यांना तू मराठी शिकवलंस?"

मी मान हलवली. मशीन गेल्यापासून मी बाबांना असं उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं, त्या लेबल हातात घेतलेल्या व्यापाऱ्यांसारखं. मोठं झालेलं, आकाशाला टेकलेलं आपलं अक्षर ते वाचत होते. वाचणारे जगात ते एकटेच होते, हा भाग वेगळा!

"सुंदर आहे," बाबा म्हणाले. "पण हे हातात धरून वाचायचं अक्षर गं. रस्त्यावर टांगायचं नाही. मला विचारायचंस ना एकदा."

"बाबा," नितेश मध्येच म्हणाला, "तुम्ही इथे होतात तर एखादा टेम्पो बघितलात का? फेटे बांधलेली माणसं, पुढे मिशीवाले काका?"

"मी यायच्या आधीच येऊन उभा होता की. मिशीवाले खाली उतरून बोर्ड बघत होते. दहा मिनिटं बघत होते. मग म्हणाले, 'ही ग्रिलवाल्याची जायरात दिसते, चला ढोल वाजतोय तिकडं,' आणि गेले उजवीकडे. मी तेव्हा अजून रिक्षातच होतो, मलाही तसंच वाटलं."

नितेशने माझ्याकडे बघितलं. मी बोर्डाकडे बघितलं. खरंच की हो! खिडकीचं ग्रिल. अगदी हुबेहूब.

आम्ही तिघं उजवीकडच्या मांडवात शिरलो. आणि काय बघतो? पहिल्या रांगेत, गादीच्या खुर्चीवर, हातात सरबत घेऊन बाळाराममामा! गालाला हळद, फेट्याला हळद. मागे टेमघरची सगळी मंडळी पंगतीत बसलेली.

"मामा!" नितेश ओरडला. "तुम्ही इथे कसे?"

"कसे म्हंजे? हळदीला आलो!" मामा म्हणाले. "तुझी आय कुठं हाय? कवापासून इचारतोय. जो तो सांगतो, आत हाय, बसा, जेवून घ्या."

बरोबरच आहे. आमच्याकडे हळदीच्या मांडवात पाहुण्याला 'तुम्ही कोण' असं विचारणं म्हणजे अपमान. आणि कुणाची ना कुणाची आई, बहीण आत असतेच.

"मामा, हा आपला मांडव नाही. अहो, पाटावर बघा, नवरा मुलगा बसलाय!"

"मना वाटला, आता दोघांची हळद एकत्र करायची नवी फ्याशन आली असल. पोरगी मागून येल. मी त्याला हळद पन लावली." मामांनी आवाज खाली आणला. "पोरगा बरा हाय हां. प्रणालीला शोभल."

तिथले यजमान हात जोडून पुढे आले. "राहू द्या ओ, आमचेच पावने समजा. मटन वाढलंय, जेवून जाऊ द्या."

पण मामा उठले होते. चेहरा बदलला होता. येताना त्यांनी फाट्यावरचा एकेक बोर्ड मान वर करून बघितला, आणि आमच्या फाटकाशी येऊन थांबले. आत पाऊल टाकेनात. सासूबाई हळदीची वाटी घेऊन तशाच धावत आल्या.

"बाळू! आलास!"

"आलो. पन आत न्हाय येत." मामा म्हणाले. "तू बोललेलीस, बोर्डावर तुझा नाव सगल्यांच्या वर टाकते. मी सगला फाटा बघितला. एक ग्रिलवाला हाय न दुसऱ्या मांडवाचा बोर्ड हाय. माझा नाव कुठंच न्हाय. पत्रिकेत तरी अकरावा होता!"

"हाय रे! शपथ हाय! मोठा हाय!"

"मंग दाव मना."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. गावातल्या मंडळींनी बोर्ड वाचण्याचं कारणच नव्हतं, ते मागच्या वाटेने आले होते. दोघंतिघं फाट्यापर्यंत जाऊन आले आणि मान हलवत परतले. "न्हाय ओ. खांब-खांब हायत नुसते."

"छापनाऱ्यानं शाई खाल्ली!" आत्यांनी निकाल दिला. "तो रफिक! आना त्याला धरून. पोरीनं एवढा चांगला काढून दिलेला, मी माझ्या डोल्यांनी बघितलाय. बरा होता."

ऐकलंत? आत्या माझी बाजू घेत होत्या. जाहीरपणे, भर मांडवात! सगळ्यांनी माना डोलावल्या. "हो, शाईच खाल्ली." नितेशने फोन काढला, रफिकभाईंचा नंबर शोधायला लागला. मला फक्त गप्प राहायचं होतं. जगात मला एवढी एकच गोष्ट उत्तम येते. दोन मिनिटं गप्प राहिले असते तर मी गुणाची सून, रफिकभाई चोर, आणि विषय संपला.

पण मामा फाटकाबाहेरच होते. सासूबाई फाटकाच्या आत होत्या. मध्ये दोन पावलांचं अंतर होतं, आणि ते माझ्या केसाएवढ्या रेघांनी पाडलेलं होतं. मागे बाबा लाडवांचा डबा धरून उभे होते आणि माझ्याकडेच बघत होते. चाळीस वर्षं माणूस दुसऱ्यांची नावं छापत आला. कुणाचं नाव चुकलं तर स्वतः जाऊन सांगून यायचे, मशीनवर कधी ढकललं नाही.

मी पुढे गेले. मेंदीचे हात कुठे ठेवावेत कळेना, म्हणून मागे बांधले. माझा आवाज निघाला तो एवढा मोठा, की डीजेवाल्याने दचकून गाणं बंद केलं. लूमच्या मध्ये वाढलेली मुलगी मी; ओरडायची वेळ आली की सगळे लूम एकदम आठवले.

"नितेश, फोन ठेव! रफिकभाईंनी शाईबिई काही खाल्लेली नाही, ते मला आधीच सांगत होते, मीच ऐकलं नाही. मामा, ते ग्रिल म्हणजे तुम्हीच आहात! नाव सगळ्यात वर आहे, सगळ्यात मोठं आहे, आणि ते मी काढलंय. फक्त इतक्या प्रेमाने, इतकं नाजूक काढलंय, की वाचायचं असेल तर शिडी लावून वर चढावं लागेल. चला, चढा तुम्ही; शिडी मी धरते!"